जटेचा भार

“…म्हणजे तुम्ही सांगणारच नाही?”

“काय सांगू?”

“किती वेळा विचारू अक्का? कॉलेज की अकॅडमी?”

सगुणाक्का कंगवे धूत होत्या. साबणाच्या पाण्यातून एक कंगवा काढायचा, त्याच्या दात्यांतून जुना ब्रश फिरवायचा, पंच्यावर मांडायचा. मग दुसरा. त्यांनी मान वर केली नाही.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अक्कांचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीलगत एक बाक. तालुक्यातल्या कितीतरी मुली इथं शिकून गेल्या.

विचारणारी प्रणोती देसाई. यंदा बारावी झाली. मार्क चांगले पडले होते. हात त्याहून चांगला होता, आणि ते तिला ठाऊक होतं. मावसबहिणीच्या लग्नात तिनं नवरीचे केस बांधले, तेव्हा अक्षता टाकताना बायका नवरीचा चेहरा सोडून मागून अंबाडाच बघत राहिल्या. पुढं स्वतःचं सलून काढायचं, हे तिचं पक्कं होतं. तिथवर जायचं कसं, ते पक्कं नव्हतं.

कॉलेजातला बी.कॉम.चा प्रवेश आज पाचला बंद होणार होता. वडील कागदपत्रं घेऊन तिथल्या खिडकीशी उभे होते. तिची सही तेवढी राहिली होती. आणि कोल्हापूरच्या ब्यूटी अकॅडमीची नवी बॅच उद्या सुरू होत होती. एकीकडे गेली की दुसरीकडची जागा जाणार.

‘आलेच’ असं वडिलांना सांगून ती इथं आली होती.

“बाबांचं काय म्हणणं?”

“आधी पदवी घे, मग हवं ते कर.” प्रणोती जराशी अडखळली. “आणि म्हणतात, आपल्यात हे काम करत नाहीत.”

“खरं आहे. आमच्यात करतात.”

“अक्का, मी तसलं काही मानत नाही.”

“तुझं कुठं विचारलं? बाबांचं विचारलं.”

प्रणोती बोटं मोजत हिशोब मांडू लागली.

“कॉलेजला गेले तर व्यवहार कळेल. इंग्रजी सुधारेल. बँकेत गेले तर समोरचा बस तरी म्हणेल. पण तीन वर्षं हात गंजत पडणार. अकॅडमीत गेले तर हात तयार होईल. पण उद्या कुणी शिक्षण विचारलं, तर काय सांगू? बारावी? स्थळं येतील तेव्हा आई तेच रडत बसणार.”

“तू धंद्याचं विचारतेस की लग्नाचं?”

“आमच्या घरात ते वेगळं नसतं.”

अक्का हसल्या. पुढचा कंगवा घेतला.

“तुमच्याकडं शिकून गेल्या, त्या मुलींचं काय झालं?”

“एक कॉलेजला गेली. तिची सांगलीत दोन दुकानं आहेत. एक अकॅडमीत गेली. ती घरी बसून आहे.”

“म्हणजे कॉलेज.”

“आणखी एक कॉलेजला गेली. तीही घरीच बसून आहे. एक अकॅडमीत गेली, ती दुबईला असते. दिवाळीला खजूर पाठवते.”

“मग फरक कशानं पडला?”

“मला माहीत नाही.”

“तुम्हालाच माहीत नसेल तर कुणाला असणार?”

“तू काय ठरवून आलीस?”

“ठरलं असतं तर आले असते का?”

“लोक ठरवूनच येतात. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं राहिलेलं असतं.”

प्रणोतीचे कान लाल झाले. ती काहीतरी टोचून बोलणार होती…

जिन्यात पावलं वाजली. थांबत थांबत कुणीतरी वर येत होतं.

दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. नऊवारी लुगडं, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. मान डाव्या बाजूला कललेली. पाठीवर पदराखाली काहीतरी जड होतं, फडक्यात गुंडाळलेलं. तिला धाप लागली होती.

“हितं बायकांची केसं कापत्यात न्हवं?”

“कापतात,” अक्का म्हणाल्या. “या. बसा.”

बाई बाकाच्या कडेवर टेकली. पाणी प्याली. नाव पारव्वा. सीमेलगतच्या खेड्यातून दुपारच्या गाडीनं आली होती.

“घरात सांगितलं न्हाई. बाजाराला जातो म्हणालो.”

मग तिनं पदर सरकवला आणि फडकं सोडलं.

जट होती. मनगटाएवढी जाड, कमरेच्याही खाली गेलेली, भंडाऱ्यानं पिवळी पडलेली.

त्या भागात बाईच्या केसांत असा गुंता बसला, की तो पुढं कुणी विंचरत नाही. देवी आली म्हणतात. त्या दिवसापासून त्या केसांना केस म्हणायचं नाही, आई म्हणायचं. मंगळवारी-शुक्रवारी तिला भंडारा लावायचा. आणि आयुष्यभर वागवायचं.

“धाकटा ल्योक झाला तवापास्नं आई हाय माझ्याकडं,” पारव्वा म्हणाली. “मान लई दुखतीया. कूस बदलता येत न्हाई. खाली वाकलं की डोळ्यापुढं अंधारी.”

अक्कांनी प्रणोतीकडं पाहिलं.

“तू बघ.”

प्रणोतीला ते अपेक्षित नव्हतं. पण ती लगेच उठली. पारव्वाला हात देऊन आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची थोडी खाली घेतली, स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली. बोलली ते सौम्यपणे बोलली. आणि जे बोलली ते सगळं खरं होतं.

“मावशी, यात देवी नाही. बाळंतपणात केस विंचरायचे राहिले असतील. त्यात तेल बसलं, धूळ बसली, गुंत्यात गुंता अडकत गेला. कुणालाही होऊ शकतं. मलासुद्धा. या ओझ्यानं मानेचे मणके झिजतात, म्हणून अंधारी येते. काढून टाकलं तर कुणाचं काही वाईट होत नाही. कितीतरी बायकांनी काढलंय. सगळ्या बऱ्या आहेत.”

“माझा नातू बी ह्येच सांगतोय. पुस्तकात दावलं त्यानं.”

“मग? पटतं ना तुम्हाला?”

“पटतंय की. त्यो खोटं कशाला बोलंल? तू बी कशाला बोलशील?”

पारव्वाचे दोन्ही हात जटेवर होते. ते तिथून हलले नाहीत.

प्रणोतीनं कात्री घेतली. अक्कांची चांगली कात्री, खणातली. खुर्चीच्या मागं गेली. पारव्वाच्या हातांतून तिनं जट अलगद सोडवून घेतली, वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिली आणि लांबी बघायला पाठीमागं मोकळी सोडली.

जटेचं टोक फरशीवर पडलं. फरशीवर सकाळच्या गिऱ्हाइकांचे केस होते. झाडायचे राहिले होते.

“इथून घेते,” प्रणोतीनं मुळाशी बोट टेकवलं. “बोटभर सोडून. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“खाली सोडलीस,” पारव्वा म्हणाली.

“काय?”

“आईला केरात सोडलीस तू.”

ती खुर्चीतून उठली. जट ओढून पोटाशी घेतली, बाकावर जाऊन बसली. तिला चिकटलेले परक्या बायकांचे केस ती एकेक करून वेचू लागली.

“मावशी, चुकून झालं. मी फक्त लांबी बघत होते…”

“मान दुखती म्हणून आलो मी. काप म्हणून कुठं म्हणालो?”

“आल्या आल्या तुम्हीच विचारलंत ना, इथं केस कापतात का?”

“इचारलं. इचारू न्हाई व्हय?”

प्रणोती अक्कांकडं वळली. “तुम्ही समजावा ना त्यांना.”

“तू समजावलंस की. समजलंय त्यांना.”

“मग?”

अक्कांनी हातातला कंगवा पाण्यात सोडला. बेसिनपाशी जाऊन हात स्वच्छ धुतले, कोरडे केले. फळीवरून धुतलेला पंचा घेतला आणि तो दोन्ही तळव्यांवर पसरून पारव्वासमोर उभ्या राहिल्या.

“आईला माझ्याकडं द्या.”

पारव्वानं जट आणखी जवळ घेतली.

“कापत नाही. नुसतं धरते.” मग मागं न बघता, “कात्री खणात ठेव गं.”

खण बंद झाल्याचा आवाज आला.

पारव्वा बराच वेळ अक्कांच्या हातांकडं बघत राहिली. मग उठून पुन्हा खुर्चीत बसली. जट तिनं स्वतःच पंच्यावर ठेवली.

अक्का खुर्चीच्या मागं गेल्या. तळव्यांवरची जट त्यांनी हळूहळू वर उचलली. खांद्यापर्यंत. मग कानापर्यंत. मग आणखी थोडी. शेवटी सगळा भार त्यांच्या हातांवर आला आणि पारव्वाच्या डोक्यावर काहीच उरलं नाही.

“आता मान हलवा.”

पारव्वा हलली नाही.

“हलवा. मी धरलंय.”

तिनं मान उजवीकडं नेली. थांबली. डावीकडं नेली. पुन्हा उजवीकडं. मग वर बघितलं. वर काही नव्हतं, पंखा होता. ती पंख्याकडं बघत राहिली.

“सोडू?” अक्कांनी विचारलं.

…

“जरा ऱ्हाऊ द्या.”

कललेली मान हळूहळू सरळ झाली. पारव्वानं डोळे मिटले. थोड्या वेळानं तिचं तोंड किंचित उघडं पडलं आणि श्वास लांब झाला.

ती झोपली होती.

अक्कांनी मानेनंच प्रणोतीला बोलावलं. “हात धुऊन ये,” हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्या हाताखाली हात घाल. वर. अजून वर. हं… घे.”

“एवढी जड?”

“हळू बोल.”

अक्का परत कंगव्यांपाशी गेल्या.

आधी काही वाटलं नाही. मग खांदे भरून आले. मग कोपर. हात जरासा खाली आला की झोपेतच पारव्वाच्या कपाळाला आठी पडे. प्रणोतीला ती आरशात दिसे. हात वर गेला की आठी जाई. तिनं एकदा मुद्दाम करून पाहिलं. पुन्हा केलं नाही.

बाकावरच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. थांबला. पुन्हा वाजू लागला.

“बाबा असतील,” प्रणोती पुटपुटली. “किती वाजले अक्का?”

“पाच व्हायचेत अजून.”

“माझी सही राहिलीय तिकडं.”

“मग जा.”

“तुम्ही धरा ना.”

“माझे हात साबणाचे आहेत.”

“पुसा की मग.”

अक्कांनी हात पुसले नाहीत.

“मग हे…?”

“सोड.”

“जाग येईल त्यांना.”

“येऊ दे. त्या काही गिऱ्हाईक नाहीत. कापायचं नाही म्हणाल्यात.”

“मानेला हिसका बसेल.”

“हळू सोड.”

“हळू सोडली तरी भार येणारच ना त्यांच्यावर.”

“येईल. रोज येतोच. आज का तुला त्याचं एवढं?”

फोन पुन्हा वाजला. प्रणोतीनं पर्सकडं बघितलं, दाराकडं बघितलं. डोळे भरून आले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं खांद्यालाच डोळा घासला.

“अक्का, प्लीज.”

“मी सांगते ना. सोड आणि जा. वर्ष फुकट जाईल तुझं.”

प्रणोतीनं कोपरं खुर्चीच्या पाठीवर टेकवली. दात आवळले. हात वरच ठेवले.

अक्का कंगवा घासत राहिल्या.

खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी हंडा ठोकून बघत होतं. त्याला पसंत पडला नसावा. दुसरा ठोकला. भिंतीवरचं घड्याळ पाचाच्या पुढं गेलं. फोन एकदा वाजला, मग वाजायचा थांबला.

पारव्वा आपण होऊनच जागी झाली. आधी घड्याळाकडं बघितलं. मग आरशात मागं उभ्या असलेल्या मुलीकडं.

“तू व्हय अजून?”

“हो.”

“हात भरून आलं असतील की.”

“नाही.”

“लबाड हाईस,” पारव्वा म्हणाली, आणि हसली. तिला पुढचे दात नव्हते. “दे आता. गाडी चुकंल.”

“कशी ठेवू?”

“आदी खांद्यावर घे. मग पाठीवर. मी सांगतो तसं.”

प्रणोतीनं पंचा बाजूला करून ती सांगेल तशी जट उतरवली. खांद्यावर, मग पाठीवर. शेवटी तिनं तळवे काढून घेतले, तशी पारव्वाची मान डावीकडं कलली. दोघींनीही ते आरशात पाहिलं.

“मावशी, मघाशी माझं चुकलं,” प्रणोती म्हणाली.

“हां.”

पारव्वानं फडकं गुंडाळलं, पदर घेतला. दारात थांबून अक्कांना म्हणाली, “बुधवारी येतो. मंगळवार नगं, आईचा वार. बुधवारी ल्योकाला घेऊन येतो.”

“कापायला?” प्रणोतीनं विचारलं.

“त्ये तवा बघू. आदी ल्योकाचा हात तर लागू दे तिला. त्याला बी कळू दे किती हाय त्ये.”

ती दोन पायऱ्या उतरली. पुन्हा वर आली.

“ही पोरगी आसंल न्हवं बुधवारी?”

अक्कांनी प्रणोतीकडं बघितलं. प्रणोती पंच्याची घडी घालत राहिली.

पारव्वानं थोडी वाट पाहिली. मग कठडा धरून, थांबत थांबत खाली गेली.

फोन वाजला. प्रणोतीनं घेतला. वडिलांचा आवाज अक्कांपर्यंत येत होता.

“कुठं होतीस? म्हातारा झालो मी त्या खिडकीशी. शिपाई दिवे बंद करायला लागला तरी हललो नाही.”

“बाबा, मी…”

“तुझं नशीब, क्लार्क ओळखीचा निघाला. उद्या सकाळी उघडल्या उघडल्या सही कर म्हणालाय. आणि आता रडतेस कशाला?”

“रडत नाही. हात दुखतायत.”

“हात? केलंस काय तू?”

प्रणोतीनं जरा विचार केला.

“काही नाही. धरून उभी होते.”

“काय धरून?”

“घरी आल्यावर सांगते.”

तिनं फोन ठेवला. बाकावर येऊन बसली. तळवे मांडीवर पालथे ठेवले. तिनं ते उलटे केले. तळव्यांना भंडारा लागला होता.

बाहेर बाजार भरात होता. अक्कांचे कंगवे धुऊन झाले होते. त्यांनी साबणाचं पाणी ओतून दिलं आणि झाडू घेऊन फरशीवरचे केस एका कोपऱ्यात लोटायला सुरुवात केली.

“अक्का.”

“हं.”

“उद्या सकाळी कॉलेजची खिडकी उघडी आहे. कोल्हापूरची गाडीही सकाळचीच आहे.”

“बरं.”

“आणि बुधवारी त्या येणार.”

“येईन म्हणाल्यात.”

“मघाशी मी उगाच वाद घातला. आता घालणार नाही. तुम्ही इतक्या मुली घडवल्यात, तुम्हाला दिसतं ते मला दिसत नाही.” तिचा आवाज खाली आला. “तुम्ही सांगा. कॉलेज म्हणा, अकॅडमी म्हणा, इथंच राहा म्हणा. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन.”

अक्कांचा झाडू थांबला.

“मी म्हणेन ते?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की.”

अक्कांनी तिच्या तळव्यांकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

“सोड म्हणाले, तेव्हा कुठं सोडलंस?”